खानेसुमारीतली आजी

आजीचं नाव सरकारदरबारी कुठेतरी लिहिलेलं असणारच, असं मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर. मी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो. आज जिला जनगणना म्हणतात तिला आम्ही खानेसुमारी म्हणायचो. खानेसुमारी जवळ आली की सरकारला पहिली आठवण मास्तरांची व्हायची, कारण मास्तराला लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही. आदल्या खेपेला मीही गेरूचं डबडं आणि कुंचा घेऊन गल्लोगल्ली दारांवर नंबर घालत हिंडलो होतो. मग घरोघर बसून कर्त्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांची नावं, वयं, जात, धंदा, कोण आंधळं, कोण बहिरं, कोणाला लिहिता येतं, सगळं उतरवून घेतलं होतं. इतक्या चांभारचौकशा करणाऱ्या सरकारने बाबांच्या आईला तेवढं सोडलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

बाबा रांगत होते तेव्हाच त्यांची आई पटकीने गेली. आजोबा मेहकर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावचे पटवारी. त्यांनी लवकरच दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या आजीने बाबांना पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि मीही तिलाच आजी म्हणत आलो. पहिलीचं नाव घरात कधी निघालं नाही. आजोबा घेणार नव्हतेच. जित्या बायकोचं नाव जो घेत नाही, तो मेलेलीचं काय घेणार? तिचं माहेर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जालन्याच्या बाजूला कुठेतरी. बाई गेली तसा तो धागाही तुटला आणि गाव कोणतं तेसुद्धा कुणाला सांगता येईना. राहता राहिला टाक. दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घालते, तसा आजीच्या गळ्यात होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची एवढीशी आकृती. आंघोळ झाली की आजी त्याला न चुकता हळदकुंकू लावायची आणि त्याच्याशी 'बाई' म्हणून बोलायची. नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

आजी गेली आणि तो टाक बाबांच्या हातात आला. तेरावं उरकल्यावर बाबांनी मला जवळ बसवून घेतलं. खामगावच्या एका जिनात कारकुनी करून ते घरी बसले होते. कापसाच्या तुसाने छाती धरली होती, चार पावलं चालले की धाप लागायची.

"दर पितृपक्षात आईला पाणी देतो," ते म्हणाले, "पण नाव भटजींनी लावून दिलेलं घेतो. ठाऊक नसलं तर काय म्हणायचं त्याची शास्त्रात सोय आहे म्हणे. जिने वाढवलं तिच्या जिवाला लागेल म्हणून कधी विषय काढला नाही. आता तीही गेली. या भादव्यात लोणारच्या तीर्थाच्या धारेवर बसून एकदा आईच्या खऱ्या नावाने पाणी सोडू दे मला. पुढचा भादवा काही मला दिसत नाही."

ते असं काही मागणारे नव्हते. मी म्हटलं, नाव मी आणतो. तुम्ही फक्त तब्येत सांभाळा.

सरकारी काम आणि बारा महिने थांब, हे मला ठाऊक होतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच कचेरी गाठली. बाबांच्या जन्मानंतरची पहिली खानेसुमारी बघायची आहे, असा रीतसर अर्ज दिला, वर तिकीट लावलं. कारकुनाने अर्ज उलटा करून पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, नावांचे कागद ठेवतच नाहीत. बेरजा झाल्या, वर गेल्या, की कागद रद्दीत.

"म्हणजे मी मागच्या खेपेला लिहिले ते?"

"तेही गेले गुरुजी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर उन्हात दारोदार फिरून, कुत्र्यांना चुकवून, म्हाताऱ्यांची वयं दुष्काळांवरून जुळवून मी एवढं लिहिलं, आणि ह्यांनी त्यातली माणसं फेकून बेरजा ठेवल्या. कारकून दयाळू होता. त्याने जुन्या खानेसुमारीचं छापील पुस्तक काढून दिलं. जाडजूड, इंग्रजी. त्यात आमच्या तालुक्यातल्या विवाहित बायका वयोमानाप्रमाणे मांडल्या होत्या. जो रकाना तिच्या वयाला लागू पडेल त्या आकड्यावर मी बोट ठेवलं. त्या आकड्यात कुठेतरी माझी आजी होती, नक्की होती, आणि तिला त्यातून बाहेर काढण्याचा कोणताही उपाय नव्हता. असा वैताग मला उभ्या जन्मात आला नव्हता.

तरी मी हट्टाला पेटलो. राजधानीतल्या एका कचेरीला पत्र टाकलं. पावसाळा लागल्यावर उत्तर आलं की, आपण म्हणता त्या साली वऱ्हाड प्रांत आमच्याकडे नव्हता, हैदराबादच्या रेसिडेंटसाहेबांकडे होता, सबब तिकडे विचारावं. तिकडे विचारलं. तिकडून उत्तर आलं की, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला तेव्हा सर्व दप्तर तिकडे रवाना झालं, सबब तिकडे विचारावं. सासरी विचारावं तर बाई माहेरी गेली, आणि माहेरी विचारावं तर सासरी पोचवली. दोन्ही पत्रं मी बाबांना वाचून दाखवली. ते नुसते हं म्हणाले. त्यांच्या त्या हं-मुळे मला आणखीच चीड आली, कारण त्यांनी आशा सोडलेली दिसत होती.

शाळेत पोरांचे पाढे ऐकत असताना एक गोष्ट डोक्यात आली. खानेसुमारीचा पक्का कागद भरण्याआधी आम्ही गावात घरांची एक कच्ची यादी करत असू. गेरूचा नंबर, घरधनी, घरातली माणसं. ही यादी वर जात नसे. गावच्या पटवाऱ्याकडेच पडून राही, कारण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसे. सरकारने जी जपली नाही ती यादी कुणाच्या तरी आळसामुळे टिकली असेल. आमच्या गावचं पटवारीपण आता बाबांच्या चुलतभावाकडे होतं, म्हणजे दप्तर घरचंच होतं. मी पुढचाच रविवार धरून सर्विस मोटारीने मेहकरला आणि तिथून बैलगाडीने गाव गाठलं.

घरचं दप्तर म्हणजे सोपं काम, असं वाटणाऱ्या माणसाला भावकी कळलेलीच नसते. काकांनी गूळपाणी दिलं, शिरा केला, बाबांच्या दम्याची विचारपूस केली. जुनी यादी म्हटल्याबरोबर त्यांनी शिऱ्याची ताटली बाजूला सारली.

"काऊन रे," ते म्हणाले, "इतक्या वर्साईनं आजीची आठवन कशी झाली तुले?"

मी सगळं सांगितलं. धार, तर्पण, दमा. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, कागद आहेत, पण पेऱ्याचं काम चालू आहे, पोळा झाला की ये. पोळा झाल्यावर गेलो तर गौरी-गणपती होऊन जाऊ दे म्हणाले. मी चिडून चावडीवर जाऊन बसलो तेव्हा एका शेतकऱ्याने खरी गोष्ट सांगितली. काकांनी गावात बोलून ठेवलं होतं की पुतण्या नावाचं निमित्त करून वतनाचे कागद चाळायला आला आहे, उद्या शेताचा हिस्सा मागेल.

मी कपाळावर हात मारला. बाबांना ओंजळभर पाणी सोडायचं होतं आणि काकांना त्यात ओलिताची जमीन दिसत होती. पण दोष तरी काय द्यायचा? आमच्या मुलखात जुना कागद मागणारा माणूस शेतासाठीच आलेला असतो. आजीसाठी आलेला त्यांनी पाहिलाच नव्हता.

गणपती बुडाल्यावर तिसऱ्यांदा गेलो. पितृपक्ष तोंडावर आला होता आणि बाबांना आता झोपूनही दम लागत होता. मी काकांना सरळ म्हटलं, "मारुतीच्या देवळात चला. बेलभंडार उचलतो." देवळात चार गावकऱ्यांसमोर मी बेल आणि भंडारा हातावर घेऊन शपथ वाहिली की मला वावर नको, वतन नको, बांधावरचं बाभळीचं झाडही नको. शिकलासवरलेला मास्तर मी, आजीच्या नावासाठी बाभळीची शपथ घेत होतो. लाज वाटली नाही, राग आला.

मग काकांनी पेटी उघडली. लाल रुमालांत बांधलेली दप्तरं होती. कच्ची यादी निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर मोडी. आजोबांचं अक्षर. गावातला लिहिता माणूस तेच, तेव्हा खानेसुमारीही त्यांनीच लिहिलेली. मी अक्षराच्या त्या वळणांकडे पाहून मनात म्हटलं, मिळाली.

यादी फार नीट होती. कुंभाराचं घर, कुंभार, त्याची बायको, तिचं नाव. कोळ्याचं घर, दोन बायका, दोघींची नावं. महारवाड्यातल्या बायकांचीही नावं होती. हे काम किती किचकट असतं ते मला ठाऊक होतं. नवरा बायकोचं नाव सांगत नाही आणि बायको नवऱ्याचं घेत नाही. दोघंही भलतीकडे बघत बसतात. मग आम्ही शेजारच्या घरी विचारायचो आणि शेजारीण दोघांचीही नावं खुशाल सांगायची. आजोबांनीही तसंच केलं असणार. मी पानं उलटत आमच्या घरावर आलो. घरधनी, आजोबांचं नाव, पेशा पटवारी. खाली बाबांचं नाव, वय वर्षाच्या आत. मध्ये एक ओळ, वय, विवाहित, निरक्षर, आणि नावाच्या जागी फक्त 'स्त्री'.

मी ते तीनदा वाचलं. तसा नियम होता, मला पाठ होता. ज्या घरचे लोक बायकांची नावं सांगायला राजी नसतील तिथे नुसतं 'स्त्री' लिहून पुढे जावं. पण इथे विचारणारा आणि सांगणारा एकच माणूस होता. बोरू हातात, दौत पुढ्यात, घरात दुसरं कुणी ऐकायला नाही. शेजारी विचारायचीही गरज नव्हती. जिने त्या दिवशी त्यांना भाकरी वाढली असेल तिचं नाव त्यांना फक्त लिहायचं होतं, आणि त्यांनी लिहिलं नाही. त्याच रुमालात त्यांनी बाजारातून घेतलेल्या गायीचा दाखला होता. रंग तांबडा, कपाळावर चांद, डावं शिंग वळलेलं, दुसरं वेत. गायीचं सगळं लिहिलं होतं.

"घरंदाज मानूस होता," काका अभिमानाने म्हणाले. "आपल्या बायकोचं नाव चार लोकाईच्या कागदात कसं लिहीन?"

"मग कुंभारणीचं कसं लिहिलं?"

"थे कुंभारीन होती."

बोललो असतो तर वडीलधाऱ्याला बोलू नये ते बोललो असतो, म्हणून मी गायीचा दाखला घडी घालून ठेवला. आजोबांना मी पाहिलेलं नव्हतं. त्या दुपारी मला त्यांचा इतका राग आला की समोर असते तर मी त्यांना जाब विचारला असता. माणूस मेला म्हणून राग विझतो असं काही नाही.

उठता उठता मी खालचं घर वाचलं. सवयच ती, एका घराने नाव सांगितलं नाही तर डोळा शेजारच्या घरावर जातो. पुढचा नंबर शिंप्याचा होता. शिंपी, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी, वय आठ. मी काकांना विचारलं, ह्या शिंप्याचं कोण उरलंय? काका म्हणाले, नातवंडं आहेत, आणि ती पोरगीही आहे. लवकर रांडावली, माहेरी परत आली ती इथेच आहे. पोरगी म्हणजे आता सत्तरीकडे झुकलेली म्हातारी.

ती ओसरीवर गोधडीला टाके घालत बसली होती. दिसत फारसं नव्हतं, हाताच्या अंदाजाने सुई चालत होती. मी कोणाचा कोण ते सांगितलं तशी तिने सुई गोधडीत खोचून ठेवली.

"पटवाऱ्याचा नातू व्हय तू? तुह्या बापाले मी कडेवर घेऊन हिंडो. लय जड होता."

"आजी, त्यांची आई आठवते तुम्हाला?"

"न आठवाले काय झालं? गोरी होती, उंच होती. मोगलाईतली होती, बोलनं येगळंच होतं तिचं. आमी पोरी तिच्या बोलन्याले हासो. थे मले वेनी घालून देत जाय."

"तिचं नाव काय होतं?"

  म्हातारीने ओठ हलवले, एकदोनदा मान हलवली.

"नाव कोन घेते बापू? नवी सून आली, तं पटवारीनबाई म्हनो. लेकरू झालं, तं लेकराची माय म्हनो." आणि तिने बाबांचं एक नाव घेतलं, जे मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. लाडाचं, तान्ह्या पोराचं नाव. "थ्याच्या आईनंच ठेवलं होतं. दारात उभी राहून थे हाका मारे. थे गेली, मंग थे नावबी गेलं. नव्या बाईले कोन सांगनार?"

परतीच्या वाटेवर मी बैलगाडीत हात चोळत बसलो होतो. इतकी खटपट केली, कचेऱ्या झाल्या, राजधान्या झाल्या, बेलभंडार झाला, आणि हातात काय, तर बाबांचंच नाव. आणायला गेलो एक आणि आणलं भलतंच. बाबांना तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत खामगावला पोचलो.

बाबा तक्क्याला टेकून वाटच पाहत होते. मी आल्या आल्या तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. कचेऱ्यांना धुतलं, काकांना धुतलं, आणि आजोबांवर आलो तेव्हा माझा आवाज चढला. 'स्त्री' लिहिलं हे सांगताना तर मी ओरडलोच, आणि त्याच भरात शिंप्याच्या म्हातारीने सांगितलेल्या हाकेचंही बोलून गेलो. बाबांनी हाताने मला थांबवलं. त्यांना आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं.

"शिंप्याची बाई काय म्हणाली म्हणालास? आई मला काय हाक मारायची?"

 बापाचं नाव मुलाने तोंडाने घ्यायचं नसतं, आमच्याकडे तर नाहीच, आणि हे तर लाडाचं नाव. मी खाली बघत पुटपुटलो.

"नीट म्हण."

मी मोठ्याने म्हटलं. बाबा डोळे मिटून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांना रडू आलं की दम लागला ते मला कळेना, म्हणून मी पाणी आणलं. ते प्यायले आणि म्हणाले, "आणखी एकदा."

पितृपक्षात आम्ही त्यांना लोणारला नेलं. मोटारीत बसवून, मग बैलांच्या दमणीत, मग मी आणि माझ्या धाकट्या भावाने दोन्ही बाजूंनी धरून. धारेखाली त्यांना फार वेळ उभं करवेना, म्हणून पायरीवर बसवलं आणि भावाने तांब्याने अंगावर पाणी घातलं. मला अजून चैन नव्हतं. अजूनही माझ्या डोक्यात ते 'स्त्री' असं मोडीतलं एकच अक्षर बसलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजही आहे. बाबांचं भागलं असेल, माझं भागलेलं नाही.

उपाध्यायांनी तीळ दिले, दर्भ दिला, गोत्र विचारलं. मग विचारलं, "मातेचं नाव?"

बाबांनी ते लाडाचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, "ची माय."

"हे नाव झालं नाही," उपाध्याय म्हणाले. "नाव ठाऊक नसलं तर शास्त्रात सोय आहे, मी सांगतो ते म्हणा."

"ती सोय पुष्कळ झाली," बाबा म्हणाले. "तिला गाव ह्याच नावाने ओळखत होतं. असंच म्हणा."

उपाध्यायांनी माझ्याकडे पाहिलं, मी तोंड फिरवलं. मग त्यांनी सुस्कारा सोडून ते नाव संस्कृतात कसंबसं बसवायला घेतलं. बसेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तान्ह्या पोराचं नाव दिसतं. कोणाचं आहे?"

बाबांच्या ओंजळीतून पाणी गळायला लागलं होतं. पांढरी दाढी, ओला पंचा, धाप लागलेली.

"माझं," ते म्हणाले आणि त्यांनी पाणी सोडलं.